पिन लावू नकोस, मी येतेय

पिन लावू नकोस. आधी एवढं वाच, मग रुसायचं तर खुशाल रूस.

काल रात्री तुझा फोटो आला. धुळकट लाकडी रेडिओ, पुढच्या कापडाला उंदराने पाडलेलं भोक, आणि कोपऱ्यात तुझं फुललेलं अर्धं तोंड. खाली एवढंच, "ताई, पाचकंदिलाजवळ एक जुनं घर रिकामं होत होतं, तिथे मिळाला. लावून बघू?" मी "नको" म्हटलं, तर तू नुसता अंगठा पाठवून गप्प. अगं, ताईला हेवा वाटला असं समजू नकोस. (वाटला थोडा, नाकारत नाही.) पण ते "नको" मला चांगलंच महागात पडलेलं आहे आणि फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही.

आप्पांचा मर्फी रेडिओ तुला कितपत आठवतो? मजघरातल्या कोनाड्यात असायचा. वर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली एरियलची तांब्याची जाळीदार पट्टी. तू तिच्यावर बाहुलीचे कपडे वाळत घालायचीस आणि मार खायचीस. आप्पा दरवर्षी पोस्टात पंधरा रुपये भरून लायसनच्या पुस्तिकेत तिकीट चिकटवून आणायचे आणि ती पुस्तिका रेशनकार्डाबरोबर पेटीत ठेवायचे. रेडिओ ऐकायला लायसन लागायचं हे माझ्या मुलाला अजूनही थाप वाटते. डायलच्या काचेवर बॉम्बे, दिल्ली, लाहोर, कराची, सिलोन अशी नावं इंग्रजीत. माझी एबीसीडी शाळेत व्हायच्या आधी त्या काचेवर झाली. बुधवारी रात्री आठला सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की आप्पा काटा केसभर मागे, केसभर पुढे करत बसायचे आणि आपण श्वास रोखून. शॉर्टवेव्हवर सिलोन लाटेसारखं यायचं जायचं. नेमकं पहिल्या नंबरचं गाणं सुरू झालं की ते दूर जायचं, हा माझा अनुभव आहे, विज्ञान नाही.

मग टीव्ही आला आणि रेडिओ माळ्यावर गेला. २००४ साली घर आवरताना मी तो खाली काढला, पुसला, मुलांना समोर बसवलं, आप्पांना खुर्ची दिली आणि थाटात पिन लावली. डायलचा दिवा लागला. टाळ्या. मग म्हशीने हंबरावं तसा आवाज. मग मेण जळाल्याचा वास, आणि मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून धूर. ट्रान्सफॉर्मर गेला. आप्पा काही बोलले नाहीत. उठले, खिडकी उघडली आणि परत येऊन बसले. त्यांचं ते न बोलणं मला अजून ऐकू येतं.

नंतर ज्या म्हाताऱ्या मेकॅनिककाकांकडे तो नेला त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "ताई, वीस वर्षं अंथरुणावर असलेल्या माणसाला उठवून एकदम पळायला लावलं तर तो पडणारच ना!" झालं होतं असं. या रेडिओंत कन्डेन्सर असतात, मोठे फिल्टरचे आणि छोटे मेणातल्या कागदाचे. पडून पडून ते आतून सुकतात, गळके होतात. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये आत अडीचशे व्होल्टच्या आसपास डीसी खेळत असतो. गळक्या कन्डेन्सरवर तो एकदम गेला की कन्डेन्सर शॉर्ट होतो, आणि त्याचा सगळा भार येतो ट्रान्सफॉर्मरवर. कन्डेन्सर स्वस्तात बदलता येतो. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घ्यावा लागतो, आणि गुंडाळणारी माणसं आता शोधावी लागतात.

म्हणून सिरीज बोर्ड. हा शब्द पाठ कर. एका लाकडी फळीवर होल्डर आणि सॉकेट असं जोडतात की रेडिओला जाणारी वीज आधी बल्बमधून जावी. बल्ब जुना, तारेचा, साठ किंवा शंभर वॅटचा. एलईडी नाही चालत. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि तसाच राहतो, रेडिओला काही होत नाही. सेट बरा असेल तर बल्ब एकदा उजळतो आणि मग हळूहळू मंद होतो. तो मंद होताना बघणं, अगं, बाळाचा ताप उतरताना बघण्यासारखं आहे. आणि तरीसुद्धा मागचा पुठ्ठा काढून आत बोट घालायचं नाही, पिन काढल्यावरही. कन्डेन्सर वीज धरून ठेवतात.

आणखी एक, आणि हे गमतीत घेऊ नकोस. काही स्वस्त सेटमध्ये मेनचा ट्रान्सफॉर्मरच नसतो, एसी-डीसी दोन्हींवर चालायचे ते. त्यांचा पत्राच थेट मेनला जोडलेला असतो. पिन उलटी बसली की पत्र्यात करंट. म्हणून बटणांच्या आतल्या बारीक स्क्रूंवर कंपनी मेण भरायची, बोट लागू नये म्हणून. तुझा कसला आहे ते ओळखायचं तर टॉर्चने भोकांतून व्हॉल्व्हवरचे नंबर वाच. ई अक्षराने सुरू होत असतील, ईसीएच, ईबीएफ असे, तर बहुधा ट्रान्सफॉर्मर आहे. यू ने सुरू होत असतील तर हात मागे घे आणि मला फोन कर. तसल्या सेटला फोन जोडून गाणी वाजवायचं खूळ हल्ली पोरं करतात; ते तर अजिबात नाही. ट्रान्सफॉर्मरवाल्याच्या मागे ग्रामोफोनसाठी सॉकेट असतं, त्यातून वाजवता येतं, पण तेही मेकॅनिकने जोडून दिलं तरच. मागे एखादी गोल चकती किंवा छोटी पिन असेल, तिच्यावर ११०, २२० असे आकडे असतील. ती कुठे बसवलेली आहे तेवढं फक्त बघून ठेव, फिरवू नकोस.

आणि पुसू नकोस! हे मी आधीच सांगायला हवं होतं. तू आतापर्यंत अर्धा रेडिओ साबणाच्या फडक्याने घासून काढला असशील, तुझे हात मला माहीत आहेत. डायलची नावं काचेच्या आतल्या बाजूला छापलेली असतात आणि जुनी झाली की ओल्या फडक्याला चिकटून येतात. माझ्याकडे एक बुश रेडिओ आहे, त्याच्या काचेवर लाहोर आणि कराची नाहीत. ती फाळणी मी केली, ओल्या फडक्याने, एका रविवारी दुपारी. तेव्हा रंगकामाचा कोरडा मऊ ब्रश घे, आणि काचेच्या आत तोही नको. लाकडाला जोराने घासायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. वरचं प्लायचं पापुद्र्यासारखं साल असतं ते आपल्या उन्हात पापडासारखं उचकटतं. रेडिओ बाहेरच्या पडवीत, सावलीत, महिनाभर एकटा ठेव. बारीक पिठासारखी भुकटी खाली पडली तर भुंगा आहे, आणि तो तुझ्या शिसवी कपाटात जाण्यापूर्वी कळलेला बरा.

ऊन म्हटल्यावर आठवलं. ग्रामोफोनच्या तबकड्या मिळाल्या तरी माळ्यावर पत्र्याखाली ठेवशील तर तुझं माझं भांडण. पुण्यामुंबईचे लोक लिहितात, दमटपणा सांभाळा, बुरशी सांभाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, आपला शत्रू वेगळा. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांत लाख असते, बांगड्यांत असते तीच. गरम झाली की ती नरम पडते, आणि एकावर एक रचून ठेवलेल्या तबकड्या खालच्या बाजूने वाकतात. एलपीचंही तेच. भाकरीसारखी एकावर एक चळत लावू नकोस, पुस्तकांसारख्या उभ्या ठेव, घरातल्या सगळ्यात थंड भिंतीला. जुनं धाब्याचं घर असतं तर म्हटलं असतं मधल्या खोलीत ठेव, तिथे बर्फसुद्धा टिकला असता. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर पलंगाखालची जागा त्यातल्या त्यात बरी.

ग्रामोफोनचं मात्र मी सांगेपर्यंत नाव काढू नकोस. पितळी भोंग्याचा, खाली अष्टकोनी पेटी, समोर कुत्र्याचा चकचकीत बिल्ला, असा मी मुंबईत एका दुकानातून आणला होता, आठवतं? घरी आल्यावर मी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. दोन महिन्यांत हॅंडल गरगर फिरायला लागलं. काकांनी पेटी उघडून दाखवली: आतली मोटार कुठल्यातरी पेटीतल्या ग्रामोफोनची काढलेली, बाकी सगळं नवं, भोंगा तर परवाचा. आपल्या घरांत चाळीस-पन्नासच्या सुमारास भोंग्याचे ग्रामोफोन फारसे नव्हतेच. होते ते बंद होणाऱ्या काळ्या पेटीतले, सूटकेससारखे, लग्नाला उचलून न्यायचे. दिसायला बिचारे साधे, म्हणून खोटे कुणी करत नाही. जे फार देखणं असतं त्याची नक्कल आधी होते, हे माझं मत. आणि ग्रामोफोन मिळाला तर त्याच्याबरोबर सुयांची छोटी पत्र्याची डबी आहे का ते विचार. पोलादी सुई एका बाजूला एक वापरून टाकून द्यायची असायची, त्यामुळे डब्या घरात ढिगाने असायच्या, आणि आता मशीनपेक्षा मला त्या जास्त आवडतात.

डब्यांवरून सांगते, कारण तुला वाटतं जमवणं म्हणजे रेडिओच. माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर तो गंजका डबा आहे ना, ज्याला तू दर दिवाळीत भंगारात घालायला निघतेस? अमळनेरच्या वनस्पती तुपाचा आहे तो. २९ डिसेंबर १९४५ ला अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली. आपल्या भागातला भुईमूग, त्याचं तेल, त्याचं सनफ्लॉवर नावाचं वनस्पती तूप, आणि कपड्यांचा ७८७ साबण. १९६६ साली मालक अचानक गेले आणि एकवीस वर्षांचा मुलगा अमेरिकेतलं शिक्षण सोडून आला. तो अझीम प्रेमजी, आणि त्या लांबलचक नावाचं पुढे विप्रो झालं. जगाला ठाऊक आहे ती कॉम्प्युटरची विप्रो; आपल्या आयांना ठाऊक होती ती तुपाची. तूप संपलं की डब्यात तुळस, नाहीतर दाण्याचं कूट, नाहीतर न्हाणीघरात राख. रेडिओ देशभर सारखेच होते गं. हा डबा आपला आहे. मला कुणी म्हटलं की या दोहोंतलं एक ठेव, तर मी डबा ठेवीन. (आप्पांचा मर्फी सोडून. तो हिशेबात नाही.)

तशाच बरण्या, कंदील, मिलची कॅलेंडरं. आपल्याकडे जळगावला खान्देश मिल, अमळनेर-धुळ्याला प्रताप मिल. त्या चाळींमधल्या घरांत अजून काय काय असेल. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील मिळाला तर काच बघ, बुडाशी गंज बघ, आणि घे. घासाघीस फार करू नकोस. पितळेच्या वस्तूंसाठी मात्र तुला पळावं लागेल, कारण तिथे तुझी स्पर्धा माझ्यासारख्या हौशी बायांशी नाही, मोडीशी आहे. किलोचा भाव ठरलेला. समई असो, पानाचा डबा असो, पितळी पात्यांचा टेबलफॅन असो, मोडीत सगळं सारखं. आपल्याच आईने आजीचा पितळी बंब मोडीत घालून स्टीलचं पिंप आणलं होतं. तिला नावं ठेवू नकोस, बंब घासायला तू नव्हतीस.

दोन गोष्टी कायद्याच्या, पटकन. शंभर वर्षं ओलांडलेली मूर्ती, चित्र, तत्सम वस्तू कुणी गुपचूप देऊ लागला तर हात जोड. १९७२ चा कायदा आहे, पुरावस्तूंचा, नोंदणीची भानगड असते. रेडिओ-पंख्यांना तो सहसा लागत नाही, ते बहुतेक अजून तेवढे म्हातारे नाहीत. दुसरं, भुसावळ जवळ, त्यामुळे रेल्वेचे कंदील, घड्याळं, घंटा तुला कुणी ना कुणी दाखवणारच. रेल्वेची खूण असलेली वस्तू लिलावाच्या पावतीशिवाय घ्यायची नाही. कितीही जीव गुंतला तरी.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तू लिहिलंस, "घर रिकामं होत होतं." कुणाचं?

रागावू नकोस, विचारतेय. चोपडा तालुक्यातल्या एका गावात मला असाच एका म्हाताऱ्या आजींनी ट्रान्झिस्टर दिला होता. चामड्याच्या कव्हरातला, खांद्याला लटकवायचा. म्हणाल्या, "ली जाय माय, ह्या डबडाले आते कोन ऐकस?" मी दोनशे रुपये हातात ठेवले, त्यांनी पन्नास परत केले, मी खूश होऊन एसटीत बसले. सहा महिन्यांनी त्यांच्या नातवाचा फोन, पुण्याहून. आजी गेल्या होत्या. तो विचारत होता, ट्रान्झिस्टरच्या कव्हरात आतून ब्लेडने कोरलेलं काही आहे का. होतं. त्याच्या वडिलांचं नाव, लहानपणीच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत. शेतात पाणी भरताना रात्री तो ऐकायचे म्हणे, झोप लागू नये म्हणून. मी सहा महिने तो फळीवर ठेवला होता, पाहुण्यांना दाखवला होता, आणि कव्हर एकदाही पूर्ण काढलं नव्हतं. ट्रान्झिस्टर परत दिला. मनातून द्यायचा नव्हता, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून मी घेण्याआधी बसते. चहा झाला की विचारते: हा कोणी आणला, कुठून, कोणत्या साली, बंद कधी पडला, शेवटी कोण ऐकत होतं. घरातल्या धाकट्यांना विचारते की तुम्हाला नको ना नक्की. दोनदा असं झालंय की विचारता विचारता त्यांनाच तो हवासा झाला आणि मी रिकाम्या हाताने परत आले. जे घेते त्याच्या आत एक कागद चिकटवते, गाव, घर, वर्ष, ऐकलेली हकीकत. माणसाचं नाव त्यांनी चालेल म्हटलं तरच.

आणि ही काही माझी अक्कल नाही. तुझ्या धुळ्यातलीच आहे. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं गोळा करायचे. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यातून निघाले. कुठला कागद कुणाच्या दप्तरातला, हे ते सोडायचे नाहीत. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. तू इतकी वर्षं धुळ्यात राहतेस, एकदा तरी आत गेलीस का गं? जा, जावईबापूंनाही घेऊन जा. त्यांना वाटतं जमवणं हा रिकाम्या बायकांचा उद्योग आहे. तिथून थेट पुण्याला केळकर संग्रहालयात ने. एका माणसाने जमवलेले अडकित्ते, दिवे, वज्र्या, वीस हजारांवर वस्तू. आणि जळगावला आलीस की जुन्या गावातल्या चौधरी वाड्यात जाऊ, बहिणाबाईंच्या घरी. तिथल्या वस्तू तशा कुठल्याही लेवा घरात सापडतील अशाच. पण त्या कुणाच्या हातातल्या हे माहीत असल्यावर पाय तिथून हलत नाहीत.

जागेचं मात्र जावईबापू म्हणतात ते खरं आहे. माझ्याकडे एके काळी अकरा रेडिओ होते, त्यातले नऊ मुके. पाहुण्यांची गादी घालायला जागा नाही, आणि धूळ पुसता पुसता माझीच कंबर गेली. सात दिले वाटून. आता चार आहेत आणि चारही बोलतात. २०२४ च्या फेब्रुवारीत गीतमालेवाले अमीन सायानी गेल्याची बातमी आली त्या संध्याकाळी मी आप्पांचा मर्फी लावला. हो, तो झाला दुरुस्त. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, एक व्हॉल्व्ह मुंबईला लॅमिंग्टन रोडवर सापडला, बंगळूरच्या बीईएलचा, डबीबंद. सिलोनच्या जागी काटा नेला. नुसती खरखर, शेजाऱ्यांच्या चार्जरची. तरी अर्धा तास बसले.

तर रविवारी येते. सकाळची एसटी धरते, एरंडोल-पारोळा करत अकरापर्यंत पोचेन. सिरीज बोर्ड, पिवळा बल्ब आणि टेस्टर माझ्याकडे आहेत. भरिताची वांगीही आणते, तू फक्त कळण्याच्या भाकरीचं बघ. तोवर रेडिओला क्रोशाचा रुमाल घाल, उंदराच्या भोकावर हात फिरव, वाटेल ते कर, पण पिनेला हात लावू नकोस. आणि त्या घरच्या माणसांचा नंबर घेतला असशील तर आजच फोन करून विचार, तो शेवटचा कधी वाजला, आणि ऐकायला कोण होतं.